बेटावर राहिलेला कवी

१९७९ सालच्या पावसाळ्यात आम्ही आखाताला निघालो होतो. आयटीआयचे फिटरचे प्रमाणपत्र हाती होते, पासपोर्ट तयार होता, एजंटाचे पैसे कर्ज काढून भरले होते आणि आळीतील वडीलधाऱ्यांचे आशीर्वादही घेऊन झाले होते. मुंबईतील वैद्यकीय तपासणीत मात्र छातीच्या क्ष-किरण फोटोत उजव्या फुफ्फुसावर एक जुना डाग दिसला. लहानपणी होऊन गेलेल्या क्षयाची ती खूण होती. रोग केव्हाच बरा झाला होता. परंतु कागदावर ‘अपात्र’ असा शिक्का बसला आणि विमान आमच्यावाचून गेले. पुढची छत्तीस वर्षे आम्ही विरारहून पहाटेची लोकल पकडून कारखान्यात गेलो. बरोबरीच्या मित्रांनी आखाताच्या पैशावर बंगले बांधले, बहिणींची लग्ने थाटात लावली. आम्ही राहिलो.

‘राहिला’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. जो वस्ती करून असतो तो राहिला, आणि ज्याचे पुढे जायचे हुकले तोही राहिला. स्वतःच्या बाबतीत आम्ही हा शब्द नेहमी दुसऱ्या अर्थानेच उच्चारीत आलो. त्याचा पहिला अर्थ आम्हांला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या एका बेटावर उमगला. तो सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आमची मुलगी मात्र गेली. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून, काही वर्षे मुंबईत काम करून, २०१२ साली ती स्कॉटलंडच्या उत्तर भागातील इन्व्हर्नेस या गावी रुजू झाली. जावई आपल्याच धर्मग्रामातले. नात तेथेच जन्मली. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही दोघे प्रथमच तिच्या घरी गेलो. एके रात्री जेवणे झाल्यावर मुलीने काही कागद आमच्यापुढे ठेवले. ब्रिटिश नागरिकत्वाचा तो अर्ज होता. ते मिळाले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हे आम्हांला ठाऊक होते. “पप्पा, तुम्हां दोघांच्या मनात नसेल तर मी सही करणार नाही,” ती म्हणाली. आम्ही केवळ “पाहू” म्हणालो आणि उठलो. सौ. काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आजोबांनी बांधलेले घर, मागची केळीची वाडी, विहिरीवरचा रहाट, सिमेंटरीतील आमच्या माणसांचे क्रूस, या साऱ्यांचा दुवा एका सहीने तुटणार असे वाटत राहिले.

त्याच आठवड्यात मुलीने गावच्या ग्रंथालयातून एक पुस्तक आणून आमच्या हाती दिले. जॉर्ज मॅके ब्राऊन या स्कॉटिश कवीचे ‘ॲन ऑर्कनी टॅपेस्ट्री’, १९६९ साली प्रसिद्ध झालेले. “यालाही क्षय होता, पप्पा,” ती म्हणाली, “आणि हा मोठेपणी कॅथलिक झाला.” आमचे इंग्रजी कारखान्यातले. तरीही शब्दकोश जवळ घेऊन आम्ही ते चार दिवसांत वाचून काढले. त्या बेटांच्या चालीरीती, संत, शेतकरी आणि कोळी यांच्याविषयी लिहिताना या माणसाने एका लहानशा मुलखाला असे काही कुरवाळले होते, की पाचव्या दिवशी आम्हीच म्हणालो, “ही बेटे जवळ असतील तर पाहून येऊ.”

ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाबाहेरचा सुमारे सत्तर बेटांचा समूह आहे. त्यांपैकी वीसेक बेटांवर मनुष्यवस्ती असून एकूण लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास. स्क्रॅब्स्टर बंदरातून बोट निघते आणि पेंटलंडची खवळलेली सामुद्रधुनी ओलांडून दीड तासात स्ट्रॉमनेसला पोहोचते. वाटेत होय बेटाच्या कड्याखाली समुद्रात एकटाच उभा असलेला १३७ मीटर उंचीचा दगडी सुळका दिसतो. आमच्या बोटीचे नाव होते ‘हम्नाव्हो’. मुलीने सांगितले की, हे स्ट्रॉमनेसचे प्राचीन नॉर्स नाव असून ब्राऊन आपल्या लेखनात गावाला याच नावाने हाक मारीत.

या गावात १७ ऑक्टोबर १९२१ रोजी ब्राऊन यांचा जन्म झाला. सहा भावंडांत ते धाकटे. वडील जॉन ब्राऊन शिंपीकाम करीत आणि पोस्टमन म्हणून घरोघर पत्रे वाटीत. ‘हम्नाव्हो’ याच नावाची ब्राऊन यांची एक गाजलेली कविता आहे. तीत वडिलांच्या पत्रे वाटण्याच्या फेरीबरोबर सारे गाव सकाळपासून रात्रीपर्यंत उलगडत जाते. गाव तरी केवढे? दोनएक हजार वस्तीचे. समुद्राला समांतर वळत जाणारा एकच फरसबंदी रस्ता, त्याला फुटलेले अरुंद बोळ, आणि पाण्याकडे पाखा करून उभी असलेली दगडी घरे. कित्येक घरांच्या मागे स्वतःचा छोटा धक्का आहे. घराच्या पुढच्या दाराने रस्त्यावर यावे आणि मागच्या दाराने होडीत उतरावे, अशी रचना. खाऱ्या वाऱ्याचा आणि सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास येताच सौ. हसून म्हणाल्या, “हे तर आपलेच पाचूबंदर.”

ब्राऊन विशीत असताना, १९४१ साली, त्यांना क्षय असल्याचे निदान झाले. महायुद्ध चालू होते. बरोबरीची मुले गणवेश चढवून निघाली होती. या तरुणाला सैन्याने घेतले नाही. त्याची रवानगी कर्कवॉल येथील ईस्टबँक आरोग्यधामात झाली. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो होतो. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते, आणि पुढेही तो रोग पुन्हा पुन्हा उलटत राहिला. मुलगा घरी बसून आहे, आईच्या जिवावर आणि सरकारी मदतीवर जगतो आहे, असे गाव म्हणे. १९२० पासून दारूबंदी असलेल्या स्ट्रॉमनेसमध्ये महायुद्धानंतर मद्यालये पुन्हा उघडली आणि ब्राऊन मद्याच्या आहारीही गेले. निराशेचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले. त्यांनी लग्न केले नाही. संतपणाचा आव आणणारे हे चरित्र नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पण याच रोगाने त्यांना लेखणी दिली. १९४४ पासून ते ‘ऑर्कनी हेराल्ड’ या स्थानिक साप्ताहिकाला गावची बातमीपत्रे लिहू लागले. १९५१ साली एडिंबरोजवळच्या न्यूबॅटल ॲबी या प्रौढशिक्षण महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील प्रमुख होते एडविन म्यूर, स्वतः मोठे कवी आणि ऑर्कनीचेच सुपुत्र. म्यूर यांच्या प्रस्तावनेसह १९५४ मध्ये ‘द स्टॉर्म’ हा ब्राऊन यांचा पहिला संग्रह निघाला. प्रती अवघ्या तीनशे. १९५९ च्या दुसऱ्या संग्रहाचे नाव ‘लोव्हज अँड फिशेस’, म्हणजे भाकरी आणि मासे. शुभवर्तमानातील तो चमत्कार आपल्याला परिचयाचा आहे. १९५६ ते १९६० या काळात त्यांनी एडिंबरो विद्यापीठातून पदवी मिळवली, आणि पुढे तेथेच जेझुइट कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांच्या काव्याचा अभ्यास केला. मग ते स्ट्रॉमनेसला परतले. एवढी वर्षे स्कॉटलंडच्या राजधानीत काढलेला हा माणूस शेजारच्या इंग्लंडला प्रथम गेला तो १९८९ साली, सदुसष्टाव्या वर्षी! आमचे त्या वेळचे वयही तेच होते.

त्यांच्या श्रद्धेचा प्रवास आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. घर प्रेस्बिटेरियन, बेटांवर कॅथलिक मूठभर. किशोरवयात त्यांच्या वाचनात लिटन स्ट्रेची यांचा कार्डिनल मॅनिंग यांच्यावरील लेख आला. तो लेख उपहासाने लिहिलेला. परंतु त्यातून दिसणारे ख्रिस्तसभेचे अखंड शतकानुशतकांचे रूप पाहून हा मुलगा भारावला. पुढे कार्डिनल न्यूमन यांचे आत्मकथन त्यांनी वाचले. तरी या ओढीला सर्वाधिक बळ दिले ते त्यांच्या स्वतःच्या मातीतील संताने. रोमकडे जाणारी त्यांची वाट ऑर्कनीच्याच एगिल्से बेटावरून गेली.

बाराव्या शतकाच्या आरंभी ऑर्कनीवर मॅग्नस आणि हाकोन या दोन चुलतभावांची संयुक्त सत्ता होती. त्याआधी १०९८ साली वेल्सजवळच्या मेनाई सामुद्रधुनीत झालेल्या लढाईत, आपले कोणाशी वैर नाही असे सांगून मॅग्नसने शस्त्र उचलण्यास नकार दिला आणि बाणांच्या वर्षावात तो स्तोत्रे गात राहिला, असे ‘ऑर्कनीइंगा सागा’ या प्राचीन ग्रंथात वर्णन आहे. पुढे भावांत तेढ वाढली. सुमारे १११७ साली, पुनरुत्थानाच्या सणानंतर, तह करण्यासाठी एगिल्से बेटावर भेटायचे ठरले; दोघांनी दोन-दोनच तारवे आणायची. मॅग्नस दोन तारवांनिशी आला, हाकोन आठ. निशाणधारकाने वध करण्याचे नाकारले, तेव्हा हाकोनने आपला आचारी लिफोल्फ याला हुकूम केला. तो रडू लागला. मॅग्नसने त्याचीच समजूत घातली आणि मस्तक पुढे केले. त्याच्या भाच्याने, रॉन्वाल्डने, ११३७ साली कर्कवॉल येथे त्याच्या नावे कॅथेड्रल उभारावयास घेतले. १९१९ मध्ये त्या वास्तूच्या दुरुस्तीत एका खांबाच्या पोटात लाकडी पेटी सापडली. तीत अस्थी होत्या आणि कवटीवर घावाची खूण होती.

ब्राऊन या रक्तसाक्षी संताकडे आयुष्यभर परत परत येत राहिले. १९६१ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. १९७३ च्या ‘मॅग्नस’ या कादंबरीत संताच्या वधाचा प्रसंग येतो आणि निवेदन एकाएकी विसाव्या शतकातील नाझी छळछावणीत जाते. तेथे फासावर जाणारा धर्मोपदेशक ल्यूथरन आहे. डिट्रिख बॉनहोफर यांची आठवण व्हावी असा. बाराव्या शतकातील बलिदान संपलेले नाही, ते प्रत्येक युगात घडते, आणि पवित्र मिस्सामध्ये आपण त्याच एका बलिदानाशी जोडले जातो, हा विचार त्यामागे आहे. बी जमिनीत पडून मरते आणि कणीस उगवते, यात त्यांना प्रभूचे मरण आणि पुनरुत्थान दिसे. शेताच्या ऋतुचक्राशी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने त्यांनी एका काव्यात गुंफली आहेत. होय बेटावरील रॅकविक या ओस पडलेल्या खोऱ्याची गाथा सांगणाऱ्या त्यांच्या १९७१ च्या काव्यग्रंथाच्या शीर्षकाचा अर्थ आहे ‘नांगरधारी कोळी’. एका हाताने शेत आणि दुसऱ्या हाताने दर्या सांभाळणारी ही माणसे. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला याची फोड करून सांगावी लागत नाही.

मेबर्न कोर्ट येथील त्यांचे घर आम्ही बाहेरून पाहिले. १९६८ पासून मृत्यूपर्यंत ते येथे राहिले. साधे, सरकारी वसाहतीतले घर. रोज सकाळी न्याहारीची भांडी बाजूला सारून, स्वयंपाकघरातल्याच टेबलावर ते काही तास लिहीत. कविता, कथा, कादंबऱ्या तर लिहिल्याच. परंतु आमचे मन वेधले ते त्यांच्या साप्ताहिक सदराने. ‘द ऑर्केडियन’ या स्थानिक वृत्तपत्रात १९७१ पासून त्यांनी गावकऱ्यांसाठी हे सदर चालवले आणि अखेरपर्यंत त्यात लिहीत राहिले. जगभर नाव झाले, १९९४ साली कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आली, तरी हवा, चूल, मांजर, जुने शेजारी आणि यंदाचे बटाटे यांविषयी गावाशी बोलणे त्यांनी सोडले नाही. दुकानात वाणसामान घेताना भेटणारी माणसे हेच त्यांचे वाचक होते.

गावावर प्रेम करणाऱ्याला गावाची भीतीही वाटते. ‘ग्रीनव्हो’ या १९७२ च्या कादंबरीत त्यांनी एका गुप्त लष्करी प्रकल्पापायी उद्ध्वस्त होणारे खेडे रंगवले. त्याच दशकात ऑर्कनीच्या फ्लोटा बेटावर खनिज तेलाचे मोठे केंद्र आले आणि स्ट्रॉमनेसच्या परिसरात युरेनियमची खाण काढण्याची योजना पुढे आली. बेटवासी एकवटले. रॅकविकला येऊन स्थायिक झालेले संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांनी १९८० साली या खाणीच्या निषेधार्थ रचना सादर केल्या; त्यांतील ‘फेअरवेल टू स्ट्रॉमनेस’ ही पियानोची धून पुढे जगभर वाजली. खाण झाली नाही.

इथवर सारे आमच्या मनासारखे होते. पाहा, राहणाऱ्याचीच थोरवी केवढी, असे मुलीला सुनावण्याचा आमचा बेत होता. पण गावच्या दक्षिण टोकाला एक बंद केलेली विहीर आहे, लॉगिनची विहीर, तिच्यापाशी तो बेत डळमळला. शिलालेखात लिहिले आहे : हडसन बे कंपनीची गलबते १६७० ते १८९१ या काळात येथे पाणी भरून कॅनडाला गेली. कॅप्टन कुक यांची जहाजे १७८० मध्ये येथे थांबली. सर जॉन फ्रँकलिन यांची दोन जहाजे १८४५ मध्ये येथूनच पाणी घेऊन आर्क्टिक प्रदेशाकडे निघाली; त्यांतले कोणीही परतले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हडसन बे कंपनीच्या तिकडील नोकरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे ऑर्कनीची होती. म्हणजे ज्या गावाला आम्ही राहणाऱ्यांचे गाव समजत होतो, ते पिढ्यान्पिढ्या निरोप देणाऱ्यांचे गाव निघाले.

“आणि पप्पा, त्याची आई ऑर्कनीची नव्हतीच,” विहिरीच्या कठड्याला टेकून मुलगी म्हणाली. पुस्तकात ते आम्हीही वाचले होते, पण ध्यानात घेतले नव्हते. कवीची आई, माईरी मॅके, सामुद्रधुनीपलीकडच्या सदरलंडमधील. तिची मातृभाषा गेलिक. किशोरवयातच स्ट्रॉमनेसच्या हॉटेलात कामासाठी ती या किनाऱ्यावर उतरली, येथल्या पोस्टमनशी तिचे लग्न झाले आणि तिची मुले ऑर्कनीची इंग्रजी बोली बोलत वाढली. तिच्याही आईवडिलांना त्या वेळी काय वाटले असेल? पोर परमुलखात गेली, आता ती आपली राहिली नाही, असेच ना? अन् त्याच पोरीचा धाकटा मुलगा त्या परमुलखाचा कवी झाला. जगाने ऑर्कनी ओळखली ती त्याच्या शब्दांनी. आम्ही मुलीकडे पाहिले. इन्व्हर्नेसच्या रुग्णालयात रात्रपाळी करून येणारी, कामासाठी परक्या किनाऱ्यावर उतरलेली एक मुलगी. तिच्या शेजारी आमची नात खडे गोळा करीत, तिकडच्या हेलात काहीतरी गुणगुणत होती.

शेवटी आम्ही वॉरबेथच्या सिमेंटरीत गेलो. गावाच्या पश्चिमेस, अगदी लाटांच्या काठाशी ती आहे. समोर होयचे डोंगर. १३ एप्रिल १९९६ रोजी ब्राऊन यांचे निधन झाले आणि १६ एप्रिलला, संत मॅग्नसच्या सणादिवशी, त्यांना येथे आईवडिलांपाशी पुरण्यात आले. त्यांचा अंत्यविधी मॅग्नसच्याच, आता प्रेस्बिटेरियन उपासना चालणाऱ्या कॅथेड्रलमध्ये झाला. कॅथलिक धर्मगुरू आणि तेथील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक दोघांनी मिळून तो चालवला आणि मॅक्सवेल डेव्हिस यांनी ‘फेअरवेल टू स्ट्रॉमनेस’ वाजवले. त्याच धर्मोपदेशकाने, रॉन फर्ग्युसन यांनी, २०११ साली ब्राऊन यांच्यावर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात दोन शब्द आहेत : जखम आणि देणगी.

आम्ही तेथे एक ‘आमच्या बापा’ म्हटला. सौ.नी नातीला क्रूसाची खूण करायला लावली. वारा इतका होता की बोलणे ऐकू येईना. परतीच्या वाटेवर आम्ही मुलीला म्हणालो, “सही कर.” ती काही बोलली नाही, तिने आमचा हात धरला. एवढेच.

घरी परतून आता बरेच दिवस झाले. क्ष-किरण फोटोतला तो डाग अजूनही आमच्या छातीत आहे. त्याच्याविषयीचे जुने गाऱ्हाणे आम्ही हळूहळू खाली ठेवीत आहोत. सगळे सुटले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मात्र दर रविवारी मिस्साहून आल्यावर, न्याहारीची ताटे बाजूला सारून, आम्ही नातीला एक पत्र लिहितो. कोणत्या केळीला घड लागला, विहिरीचे पाणी किती खाली गेले, कोण देवाघरी गेले, सणाला कोणती गाणी झाली, गावात कोणती नवी इमारत उठली. पत्र मराठीत असते. तिची आई तिला ते वाचून दाखवते. मागच्या पत्राच्या उत्तरात नातीने एक प्रश्न विचारला आहे : रहाट म्हणजे काय? येत्या रविवारी आम्हांला तेच लिहायचे आहे.